पाना, पक्कड आणि पदवी

प्रत्येक स्मरणिकेत कोण कुठे पोचलं याची एक यादी असते. आपल्याही स्मरणिकेत ती असेल, आणि असावीच. डॉक्टर, वकील, शिक्षक, बँकेतले अधिकारी, परदेशी गेलेले. संपादक मंडळाने मला 'आयटी क्षेत्रातली माझी वाटचाल' असा विषय दिला होता. त्यांच्या परवानगीने मी तो बदलला, कारण माझ्या वाटचालीत सांगण्यासारखं फारसं नाही. दहावी, बारावी सायन्स, इंजिनिअरिंग, नोकरी. सरळ रस्ता, आणि तो माझ्या आधी कुणीतरी करून ठेवलेला.

आपल्याच वर्गातले कितीतरी जण मात्र दहावीनंतर आयटीआयला गेले. काही तर निकालाची वाटही न पाहता एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागले. आणि त्यांच्यातल्या काहींनी हातातला पाना खाली ठेवून, पंचविशीत पुन्हा वर्गात बसून, इंजिनिअरिंगची पदवी घेतली. कारखान्याच्या फाटकातून निघून पदवीपर्यंत जाणारी ही वाट आपल्या भागात कशी तयार झाली, कुणी केली आणि तिच्यावर काटे कुठे आहेत, हे मला या निमित्ताने लिहून ठेवायचं आहे.

सुरुवात पुण्यापासून करावी लागेल. १८५४ साली तिथे 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आजचं सीओईपी ते हेच. सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे बांधायचे होते आणि साहेबाच्या हाताखाली मोजमाप घेणारी, नकाशा वाचणारी माणसं हवी होती. ती तयार करणं हे या शाळेचं काम. म्हणजे आपल्याकडे इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं तेच मुळी 'हाताखालचा माणूस' घडवण्यासाठी. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. एका शाळेत बांधकामाचं शास्त्र होतं, पण तिथे जायला आधी लिहिता-वाचता यायला हवं. दुसऱ्या शाळेत राबून आलेले हात अक्षरं गिरवत होते. या दोन शाळांना जोडणारी पायरी नव्हती. ती बांधायला पुढची शंभर वर्षं लागली.

१८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे व्हीजेटीआय, उभी राहिली. गिरण्या वाढत होत्या, त्यांना जाणकार माणूस हवा होता. आपल्या महाड-पोलादपूरचे आजे-पणजे त्याच गिरण्यांत कामाला होते. गावाकडचं घर त्यांच्या मनीऑर्डरवर चालायचं. साचेखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला साच्याच्या नुसत्या आवाजावरून कुठे काय बिघडलंय ते कळत असे. तो फार तर जॉबर व्हायचा. त्याच्या कानातल्या त्या ज्ञानाला कुठल्याही परीक्षेत गुण नव्हते.

आता महाडात येऊ. शाळेच्या स्मरणिकेत एक गोष्ट नोंदलीच पाहिजे. रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे आर. बी. मोरे, हे दासगाव परिसरातले. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला गेला. हा प्रकार वर्तमानपत्रात छापून आला, तेव्हा कुठे दार उघडलं. पुढे याच मोऱ्यांनी १९२७ च्या महाड परिषदेच्या तयारीत मोठा वाटा उचलला. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जे घडलं ते आपण सगळे शाळेत शिकलो, दरवर्षी क्रांतिस्तंभाजवळची गर्दी पाहत मोठे झालो. त्याचा पुढचा धागा मात्र आपल्याला कुणी फारसा दाखवला नाही.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दुसरं महायुद्ध चालू होतं, कारखान्यांना कारागीर हवे होते, आणि त्यांना तयार करणारी तंत्रशिक्षण योजना मजूर खात्याकडे होती. निवडक भारतीय कामगारांना इंग्लंडमध्ये प्रशिक्षणासाठी पाठवणारी बेव्हिन योजनाही याच खात्यामार्फत चाले. जुलै १९४५ मध्ये, युद्ध संपत आलेलं असताना, याच खात्याने पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय उभं केलं. सैन्यातून सुटणाऱ्या माणसांना काम आणि कसब मिळावं हा त्याचा हेतू. त्याच यंत्रणेतून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना निघाली. आपण जिला आयटीआय म्हणतो ती हीच. १९५६ पासून या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. तळ्याचं पाणी सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून आपल्या गावात उभा राहिलेला माणूस, आणि कसब शिकवण्याची सरकारी व्यवस्था ज्या खात्यातून वाढली त्या खात्याचा मंत्री, हा एकच माणूस. महाडच्या मुलाने आयटीआयचा फॉर्म भरताना हे माहीत असावं असं मला वाटतं.

तरीही आयटीआय ही तेव्हा शेवटची पायरी होती. फिटर झाला, टर्नर झाला, वायरमन झाला की शिक्षण संपलं. ज्याला त्याच्या वर जायचं होतं त्याला नोकरी सांभाळून करता येईल अशी एकच मोठी वाट होती : एएमआयई. १९२० साली स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही संस्था परीक्षा घ्यायची, सेक्शन ए आणि सेक्शन बी. कॉलेज नाही, वर्ग नाही, प्राध्यापक नाहीत. पुस्तकं आणायची, ड्यूटी संपल्यावर वाचायची, परीक्षेला बसायचं. दोन्ही सेक्शन पार केले की सरकारी नोकरीसाठी ती पदवीच्या बरोबरीची धरली जाई. रेल्वेत, गोदीत, वीज मंडळात काम करणाऱ्या कितीतरी माणसांनी दहा-दहा वर्षं घालून ती पुरी केली, आणि त्याहून कितीतरी जणांची ती अर्ध्यावर राहिली. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ही बरोबरी बंद झाली. बांधलेली पायरी काढूनही घेता येते, याचं हे उदाहरण.

आपल्या भागात कारखाने आले ते एमआयडीसीबरोबर. महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. पुढे बिरवाडीच्या बाजूला महाडची वसाहत उभी राहिली आणि तिथे मुख्यतः रासायनिक कारखाने आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि गावोगावचे चाकरमानी परतू लागले. मुंबईची गिरणी नाही, तर निदान गावाजवळची कंपनी, असा हिशेब घराघरांत सुरू झाला. आपण शाळेत होतो तेव्हा हे सगळं नुकतंच घडून गेलं होतं. वर्गातल्या अनेकांचे वडील 'पूर्वी गिरणीत होते' हे वाक्य मला अजून आठवतं.

एमआयडीसीत कामाच्याही पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली ठेकेदाराचा हेल्पर. त्याच्या वर आयटीआयवाला : फिटर, इलेक्ट्रिशियन, किंवा केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड केलेला, ज्याला सगळे 'एओसीपी' म्हणतात. बॉयलरवर काम करणाऱ्याची वेगळी शिडी, अटेंडंटची सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. त्याच्या वर डिप्लोमावाला सुपरवायझर, आणि त्याच्याही वर इंजिनिअर. रात्रपाळीला पंपाची ग्लँड गळायला लागली की कुणाला उठवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, फिटरला. दुसऱ्या दिवशी रिपोर्टवर सही मात्र इंजिनिअरची. यात कुणाची लबाडी नाही, पद्धतच तशी आहे. पण रोज रात्री पंप आपण दुरुस्त करायचा आणि 'का बिघडला' हे लिहिण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही, हे काही जणांना सलत राहतं. पदवीची इच्छा बहुतेक वेळा तिथून सुरू होते. पगाराचा विचार नंतर येतो.

या इच्छेला रस्ता मिळाला तो ऐंशीच्या दशकात आणि त्यानंतर. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, त्याबरोबर फीही वाढली. आणि १९८९ च्या कायद्याने आपल्या शेजारी, माणगाव तालुक्यातल्या लोणेरे इथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झालं. महाड स्टँडवरून एसटीत बसलं की तासाभराच्या आत लोणेरे. गिरणीच्या काळात इंजिनिअरिंगचं कॉलेज म्हणजे मुंबई नाहीतर पुणे. राहायचं कुठे, खायचं काय, इथेच विषय संपायचा. लोणेऱ्याने तो संपू दिला नाही. घरी जेवून कॉलेजला जाता येणं, ही गरीब घरातल्या मुलासाठी केवढी मोठी शिष्यवृत्ती असते!

दुसरी गोष्ट नियमांची. डिप्लोमा झालेल्याला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. आता हिशेब करा. माझा रस्ता : अकरावी-बारावीची दोन आणि डिग्रीची चार, एकूण सहा वर्षं. फिटरचा रस्ता : आयटीआयची दोन, डिप्लोमाची दोन, डिग्रीची तीन, एकूण सात. कागदावर फरक एका वर्षाचा! पुण्यातल्या त्या दोन शाळांमधली पायरी अखेर इथे बांधली गेली. आपल्या पालकांपैकी किती जणांना हा हिशेब माहीत होता? आयटीआयला घातलं म्हणजे मुलाचं शिक्षण संपलं, असंच आपल्या गावात मानलं जात होतं.

प्रत्यक्षात हा फरक एका वर्षाचा राहत नाही. वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड केला असेल तर ही थेट वाट मिळतच नाही. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिपचं वर्ष येतं. मग नोकरी लागते, आणि नोकरी लागली की घर त्या पगारावर उभं राहतं. बहिणीचं लग्न, घराची कौलं, वडिलांचं औषध. तीन-चार वर्षांनी पोरगा म्हणतो, मला शिकायचंय. आपल्या वर्गातल्या एकाने असंच सांगितलं, आणि तेही पर्मनंट झाल्यावर. त्याची आई माझ्या आईकडे येऊन रडली होती. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय गं," असं म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं. एमआयडीसीत पर्मनंट होणं म्हणजे काय, हे ठेकेदाराकडे वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना विचारा. त्याने नोकरी सोडली, आणि सुट्टीच्या दिवसांत घरोघरी वायरिंगची कामं करून शिकला. आज तो इंजिनिअर आहे. मेळाव्याला येईल तेव्हा त्यालाच विचारा, मी त्याची गोष्ट त्याच्याआधी सांगणार नाही.

दुसरा एकजण डिप्लोमापर्यंत गेला, डिग्रीला प्रवेश घेतला, आणि गणितात अडकला. थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्याचा हा नेहमीचा घाट. बाकीच्या मुलांनी पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू केलेलं असतं, याच्यासमोर एकदम एम-थ्री येतं, लाप्लास ट्रान्सफॉर्म घेऊन. शिकवणं इंग्रजीतून. दोनदा केटी लागली, तेवढ्यात घरची गरज आली, तो परत प्लांटवर गेला. हुशारीत तो माझ्यापेक्षा कमी नव्हता, आपल्या गणिताच्या सरांना विचारा. त्याला हवा होता तो गणिताचा आणि इंग्रजीचा एक उन्हाळा, शिकवणाऱ्या माणसासकट. तो त्याला कुणी दिला नाही.

आणि मुली? आपल्या मैत्रिणींपैकी एकीला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यायचा होता. घरून आणि शेजारून एकच सल्ला मिळाला, शिवणकामाला जा. शिवणकाम कमी दर्जाचं नाही, तिने त्यावर संसार उभा केला. पण तिच्या वाटेला तिथून पुढे ना डिप्लोमा होता ना डिग्री. मुलांसाठी आयटीआय ही शिडीची पहिली पायरी झाली, मुलींसाठी ती बरेचदा ओटाच राहिली.

पाना ठेवून वर्गात आलेला माणूस आपल्याबरोबर काय घेऊन येतो, हे मी माझ्या कॉलेजात पाहिलं. दुसऱ्या वर्षी आमच्यात डिप्लोमाची मुलं आली, त्यात एक पूर्वाश्रमीचा फिटर होता. आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, सगळे त्याला दादाच म्हणायचे. एकदा वसतिगृहाचा पाण्याचा पंप घरघरायला लागला. आम्ही पुस्तकी तर्क लढवत होतो. दादाने स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या एका बाजूला टेकवलं, मूठ कानाला लावली, मग दुसऱ्या बाजूला टेकवलं, आणि म्हणाला, "मागचं बेअरिंग गेलंय." उघडून पाहिलं तर तेच निघालं. मोटर न उघडता, अंदाज न ठोकता, आवाज एकेका जागी अलग करत जायचं. आज एखादी मोठी प्रणाली मध्यरात्री बंद पडते तेव्हा मी आणि माझे सहकारी लॉग वाचत नेमकं हेच करतो. ही रीत मला पहिल्यांदा कळली ती त्या स्क्रू ड्रायव्हरमुळे. आणि त्याच दादाला वर्षाच्या शेवटी माझ्याकडून एम-थ्री समजून घ्यावं लागत होतं. देवाणघेवाण बरोबरीची होती, पण गुणपत्रिकेत फक्त माझी बाजू छापली जायची.

साचेखात्यातल्या जॉबरपासून या दादापर्यंत गोष्ट एकच आहे. हाताचं ज्ञान आपल्याकडे नेहमीच होतं. त्याला कागदावर येण्याची सोय नव्हती. १९५०, १९८३, १९८९, थेट दुसऱ्या वर्षाचे नियम, या सगळ्या म्हणजे कुणीतरी घेतलेल्या निर्णयांच्या पायऱ्या. जिथे निर्णय झाला तिथे माणसं वर आली, जिथे झाला नाही तिथे तितकीच हुशार माणसं खाली राहिली.

प्रत्येकाने पाना सोडून पदवी घ्यावी असं मात्र मी म्हणणार नाही. कॉलेजं इतकी वाढली की कितीतरी ठिकाणी जागा रिकाम्या राहतात, आणि पदवी घेऊनही नोकरीसाठी फिरणारी मुलं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. चांगला फिटर, चांगला वायरमन आज मिळत नाही, आणि मिळाला तर तो स्वतःच्या अटीवर काम करतो. आपल्या वर्गातले दोघं-तिघं असे आहेत, स्वतःचं वर्कशॉप काढलेले. त्यांना पदवीची गरज कधी वाटली नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला वर जायचंय त्याला वाट माहीत असावी, आणि वाटेतल्या घाटात कुणीतरी हात द्यायला असावं. हल्ली नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत डिप्लोमा-डिग्रीचे वर्ग चालवायला एआयसीटीईने परवानगी दिली आहे. एएमआयईची काढलेली पायरी वेगळ्या रूपाने परत येते आहे असं म्हणता येईल. पण ही बातमी बिरवाडीच्या फाटकावर शिफ्ट सुटताना कुणी सांगत नाही.

आपला मेळावा होईल, फोटो निघतील, देणगी जमेल. शाळेला संगणक द्यावेत, रंग द्यावा, अशा सूचना आल्या आहेत. माझीही एक सूचना आहे, आणि तिला पैसे फार लागत नाहीत. आपल्यात आज इंजिनिअर आहेत, गणिताचे शिक्षक आहेत, निवृत्त झालेले सर आणि बाई आहेत. दर उन्हाळ्यात सहा आठवडे, रविवारी, शाळेच्याच एका वर्गात गणित आणि तांत्रिक इंग्रजी शिकवू या, आयटीआय किंवा डिप्लोमा करून पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना. पहिल्या वर्षी चारच आली तरी चालेल. लांब राहणारे आम्ही ऑनलाइन शिकवू. एम-थ्रीची जबाबदारी मी घेते.

आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. पहिली : बारावी दोन, डिग्री चार, एकूण सहा वर्षं. दुसरी : आयटीआय दोन, डिप्लोमा दोन, डिग्री तीन, एकूण सात वर्षं. खाली लोणेऱ्याच्या एसटीची वेळ.